ताप उतरवणारी गोळी आणि १९१८ ची साथ

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. ती इन्फ्लुएंझाची सुरुवात होती. ६ ऑक्टोबरला या शहरात एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. या साथीत इथल्या युरोपियनांत हजारी ८.३ माणसे दगावली. ज्यांना हलक्या जातीचे म्हणत, त्यांच्यात ६१.६.

अ‍ॅस्पिरिन बाजारात येऊन तेव्हा १९ वर्षे झाली होती. पण ती काम कसे करते, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवले. जंतू शिरला की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार करते. मेंदूत शरीराची उष्णता ठरवणारे जे केंद्र आहे, त्याची पातळी ते वाढवते. मग हुडहुडी भरते, अंग तापते. गोळी हे द्रव्य बनू देत नाही. पातळी खाली येते, घाम सुटतो, ताप उतरतो. जंतू मात्र तसाच राहतो.

त्याच्याशी झुंजायचे ते शरीराने, आणि त्यासाठी हवी विश्रांती, अन्न, मोकळी हवा. गिरगाव-परळच्या चाळींत, जिथे एका खोलीत सारे कुटुंब आणि खाडा झाला की मजुरी बुडाली, तिथे ही कुठून मिळणार? १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला, तेव्हा विमेदार कामगाराला आजारपणात घरी राहून वेतनाचा काही भाग मिळण्याची सोय झाली. म्हणून गोळीने ताप उतरला की लगेच कामावर बोलावणाऱ्याला आपण विचारले पाहिजे: आजार गेला का?