तुंबलेली घरगल्ली : मुंबईच्या प्लेगातील एक धडा

देवळात जाणाऱ्या भाविकाच्या दृष्टीस प्रथम पडतो तो कळस, मग दीपस्तंभ, मग सभामंडप आणि शेवटी मूर्ती. गाभाऱ्याच्या भिंतीतून बाहेर आलेल्या प्रणालाकडे, म्हणजे अभिषेकाचे पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीकडे, सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु देवालय बांधणाऱ्या शिल्प्याचे लक्ष तेथे होते. त्याने त्या पाण्याला दिशा दिली, उतार दिला, पुष्कळ ठिकाणी त्यावर मकरमुख कोरले. आणि शिवालयात तर सोमसूत्र ओलांडावयाचे नाही म्हणून प्रदक्षिणाही अर्ध्यावरून मागे फिरविण्याचा प्रघात पडला. जे पाणी आत येते ते बाहेरही गेले पाहिजे, आणि ज्या वाटेने ते जाते त्या वाटेचाही मान राखला पाहिजे, हा विचार आपल्या समाजाने देवळापुरता उत्तम सांभाळला. घराच्या मोरीपाशी आणि शहराच्या गटारापाशी मात्र तो सुटला. तो कसा सुटला आणि त्याची किंमत कोणी दिली, हे आम्हांस आज सांगावयाचे आहे.

प्राचीनांस हा विषय ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. मोहेंजोदडो येथे घरांतील सांडपाणी विटांनी बांधलेल्या, झाकलेल्या गटारांतून रस्त्याबाहेर जात असे, आणि गाळ काढता यावा म्हणून त्या गटारांच्या मार्गात कुंड्या ठेवलेल्या असत. कौटिल्याने तर हा प्रश्न थेट व्यवहारशास्त्रात घातला. घराच्या पाण्यास शेजाऱ्याच्या भिंतीपासून ठराविक अंतर सोडून चांगला उतार असलेला मार्ग करून द्यावा. जो तसे करणार नाही त्याला ५४ पण दंड. रस्त्यावर केर टाकील त्याला पणाचा आठवा हिस्सा दंड, चिखल वा पाणी तुंबवील त्याला चौथा हिस्सा, आणि हाच अपराध राजमार्गावर घडला तर दुप्पट. तीर्थस्थान, पाणवठा आणि देवालय येथे घाण करणारा याहून मोठ्या दंडास पात्र ठरे. मनुस्मृतीतही राजमार्गावर आपत्तीवाचून मल टाकणाऱ्याने दंड भरावा आणि ती घाण स्वतः साफ करावी, असे सांगितले आहे. जो घाण करील त्याने ती काढावी, हे त्यातील तत्त्व वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण पुढील सारी कथा या तत्त्वाच्या विस्मरणाची आहे.

आता मुंबईकडे वळू. गोमंतकातून, कोकणातून आणि कारवाराकडून पोटापाण्यासाठी निघालेल्या आपल्या हजारो कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात हे शहर गाठले. त्या शहराच्या गटारांचा इतिहास म्हणूनच आपल्याही घरचा इतिहास आहे. मुंबई ही सात बेटांमधील खाड्या बुजवून जोडलेली भूमी. तिचा मधला बराच भाग इतका सखल, की भरतीच्या वेळी समुद्राची पातळी त्याहून वर चढते. अशा जमिनीत गटारास उतार मिळणे फार कठीण, आणि उतार हाच तर गटाराचा प्राण. पाणी सेकंदास सुमारे अडीच फूट वेगाने वाहिले तर ते आपला गाळ आपणच ओढून नेते. वेग मंदावला की वाळू तळाशी बसते, तिच्यावर चरबी व चिंध्या अडकतात, आणि थराथराने नळाचे तोंड आवळत जाते. जुने इंजिनीयर विटांची मोठी गटारे अंड्याच्या आकाराची, निमुळते टोक खाली ठेवून बांधीत, त्याचे कारण हेच. थोडे पाणी असले तरी ते अरुंद तळातून जोराने वाहावे, ही त्यातली युक्ती.

या अडचणीत माणसांनी आणखी एकीची भर घातली. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, आणि पुढे १८९२ साली तानसाचेही आले. पाणी आणण्याचा समारंभ होतो. ते बाहेर नेण्याचा होत नाही. विहिरीतून घागरीने उपसलेले पाणी जपून वापरले जाई, नळाचे पाणी सढळ हाताने सांडू लागले. पण ते जाण्याच्या वाटा जुन्याच राहिल्या. जमीन ओलीचिंब झाली, चाळींचे पाये ओल धरून बसले, आणि एके काळी उघडा नाला असलेले शहराचे मुख्य गटार गाळाने भरू लागले.

या साऱ्याचे सर्वांत केविलवाणे रूप म्हणजे घरगल्ली. दोन चाळींच्या पाठभिंतींमध्ये सोडलेली ही चिंचोळी पट्टी. वरच्या मजल्यांवरील मोऱ्यांचे नळ तीत उतरत, टोपलीचे संडास तिच्याकडे पाठ करून उभे असत, आणि खिडकीतून टाकलेला खरकट्याचा केरही तेथेच पडे. तिच्या तळाशी एक नाली. नाली तुंबली की पाणी भिंतींत मुरे. मजला कोणाचा, संडास कोणाचा, भिंत कोणाची, हे कागदोपत्री ठरलेले. पण घरगल्ली मात्र व्यवहारात कोणाचीच नव्हती.

कायदा येथे मुका होता असे नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने रस्त्याखालील गटार पालिकेचे, घराचे गटार घरमालकाचे अशी विभागणी केली, आणि मालकाला नोटीस देऊन काम करावयास लावण्याचा अधिकार आयुक्तास दिला. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू झाला. शेजाऱ्याच्या जमिनीतून गटार नेण्याचा वहिवाटीचा हक्क ज्याला आहे, त्याला दुरुस्तीसाठी त्या जमिनीत शिरता येते. परंतु दुरुस्तीचा खर्च त्यानेच सोसावयाचा, आणि दुरुस्तीअभावी शेजाऱ्याचे नुकसान झाल्यास तेही भरून द्यावयाचे. हक्कापाठोपाठ भार येतो, हे या कलमांचे सार. व्यवहारात मात्र हक्क सांगावयास दहा जण पुढे येत, आणि भार उचलावयाची वेळ आली की घरगल्ली ओसाड पडे.

अशा स्थितीत १८९६ चा सप्टेंबर महिना उजाडला. गोदीजवळच्या मांडवी भागात, जेथे धान्याच्या वखारी दाटीने उभ्या होत्या, तेथे ताप येऊन व गाठी उठून माणसे मरू लागली. हा ग्रंथिज्वर, म्हणजे प्लेग आहे, असे निदान प्रथम ज्यांनी केले ते डॉ. आकासियु गाब्रिएल व्हिएगस मूळचे बार्देशातील हडफड्याचे. ते पालिकेचे सभासद होते. अप्रिय सत्य त्यांनी निर्भयपणे पालिकेपुढे मांडले. पुढे १९०६ साली ते त्याच पालिकेचे अध्यक्ष झाले. एका गोमंतकीयाने मुंबईला दिलेली ही जागल्याची हाक आपण विसरता कामा नये.

रोगाचे मूळ घाणीत आहे अशी त्या काळच्या बहुतेक अधिकाऱ्यांची समजूत होती. तेव्हाचे आयुक्त स्नो यांनी गटारे धुण्याचा सपाटा लावला. समुद्राचे पाणी आणि जंतुनाशके यांचे लोंढे त्यांत सोडले गेले. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे येर्साँ यांनी ओळखला होता. पण तो उंदरावरील पिसवेमार्फत माणसापर्यंत येतो हे सीमाँ यांनी कराचीत दाखविले ते १८९८ साली, आणि शास्त्रज्ञांनी ते मान्य करावयास आणखी काही वर्षे गेली. तेव्हा गटारे धुऊन प्लेग हटला नाही. किंबहुना, धुण्याने बिळांतील उंदीर बाहेर पडून घरांत शिरले असावेत, असेही काही अभ्यासकांनी पुढे म्हटले आहे. तथापि यावरून तुंबलेली गटारे निर्दोष ठरत नाहीत. पटकी, विषमज्वर आणि हगवण यांचे जंतू मैल्यातूनच पाण्यात शिरतात; आणि धान्य, केर व अंधाऱ्या घरगल्ल्या यांवर पोसलेल्या उंदरांना आसरा माणसाच्या हयगयीनेच दिला होता.

परंतु त्या वर्षातील खरा धडा याहून वेगळा आहे. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी स्नो यांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचा हुकूम काढला. शहरात घबराट पसरली, लोक गावोगाव पळू लागले. महिनाअखेरीस आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. तेव्हा आयुक्तांस सर्वांत मोठी धास्ती वाटली ती श्रीमंत व्यापारी निघून जातील याची नव्हे. ती हलालखोर निघून जातील याची होती. टोपलीतून मैला वाहणारे, घरगल्लीच्या नाल्या मोकळ्या करणारे ते भंगी बांधव गेले असते, तर आठ लाखांवर वस्तीचे ते शहर राहण्याजोगे उरले नसते. ३० ऑक्टोबरला तो हुकूम सौम्य करण्यात आला, त्यामागे ही धास्ती मोठी होती.

‘हलालखोर’ या शब्दाचा अर्थ धर्माने विहित अशी, प्रामाणिक कष्टाची भाकरी खाणारा. नाव असे मानाचे, आणि वागणूक? १८८९ साली या लोकांनी संप केला, तेव्हा त्याला उत्तर म्हणून १८९० साली कायदा आला. पूर्वसूचना दिल्यावाचून काम सोडणे हा त्या कायद्याने तुरुंगवासास पात्र असा गुन्हा ठरला. गटार तुंबविणाऱ्या मालकाला नोटीस आणि दंड. ते उपसणाऱ्याला कारावासाचे भय. आणि ज्याच्या वाचून शहर एक आठवडा तग धरू शकत नव्हते, त्याला देवळाच्या पायरीवर उभे राहण्याची मुभा नव्हती. मुंबई इलाख्यातील देवळांची दारे कायद्याने त्याला उघडली गेली ती १९४७ साली. देवाच्या स्नानाचे पाणी वाहून नेणाऱ्या दगडी पन्हळीस न ओलांडण्याइतका मान देणाऱ्या समाजाने माणसाच्या स्नानाचे पाणी वाहून नेणाऱ्या माणसाला मात्र दूर उभे केले, ही गोष्ट आम्हांस बोचते, आणि ती बोचलीच पाहिजे.

हा केवळ जुना इतिहास असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. आज टोपल्या गेल्या, भुयारी गटारे आली. पण भुयारी गटारही तुंबते आणि खचतेही. भाजक्या मातीच्या नळांचे सांधे जमीन दबल्याने उखडतात, त्यांतून झाडांची मुळे आत शिरतात. फुटलेल्या सांध्यातून भोवतालची माती पाण्याबरोबर वाहून जाते, नळाच्या वर पोकळी तयार होते, आणि एके दिवशी रस्ता खाली बसतो. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. म्हणून आत उतरलेल्याला वाटते की वास गेला, धोका टळला. आणि तेथेच तो कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही परत येत नाही.

१९९३ च्या आणि त्यानंतर २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलविण्याची प्रथा बेकायदा ठरविली. दुसऱ्या कायद्याचे सातवे कलम सांगते की संरक्षणाच्या साधनांवाचून गटार किंवा मैल्याची टाकी साफ करण्याच्या धोकादायक कामास कोणीही, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने, कोणालाही लावू नये. पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले, आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाखांवर नेली. ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ हे शब्द आमच्या वाचकांनी, विशेषतः देवस्थानांच्या महाजनांनी व समित्यांच्या चालकांनी, दोनदा वाचावेत. ‘आम्ही ठेकेदाराला सांगितले होते, त्याने कोणाला उतरविले ते आम्हांस ठाऊक नाही’, ही सबब त्या दोन शब्दांपुढे लंगडी पडते.

आपल्या देवळांच्या अग्रशाळा आता पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. जत्रेस आणि समाराधनेस हजारो पाने उठतात. भाताची पेज, तेल व खरकटे एकाच मोरीतून जाते, आणि नेमकी उत्सवाच्या दिवशी ती तुंबते. मग घाईघाईने कोणा गरिबाला शंभर-दोनशे रुपये देऊन झाकण उघडले जाते. हे टाळणे अवघड नाही. स्वयंपाकघराच्या मोरीला तेल अडविणारी कुंडी बांधावी व ती दर आठवड्यास साफ करावी. वळणावळणावर तपासणीची झाकणे ठेवावीत. उत्सवाच्या महिनाभर आधी नळ तपासून घ्यावेत. नळ खचला असेल तर वरून खणून तो बदलावा. आणि मैल्याची टाकी यंत्राने उपसवावी. या कामाचा खर्च रोषणाईच्या खर्चाबरोबर, आणि रोषणाईच्या आधी, अंदाजपत्रकात लिहावा.

प्लेगच्या वर्षी मुंबईस जे भीतीपोटी उमगले, ते आपण धर्मबुद्धीने मानावे एवढीच आमची विनंती आहे. जो घाण करील त्यानेच तिचा भार वाहावा, हे आपल्या स्मृतिकारांनी सांगितलेले तत्त्व आजच्या कायद्यानेही वेगळ्या शब्दांत सांगितले आहे. ज्या देवस्थानाच्या आवारात गटारात माणूस उतरविला जात नाही, त्याच देवस्थानाचे तीर्थ निर्मळ मानावे, असे आम्हांस वाटते.