मागच्या आसाची रुंदी

चाकोरी म्हणजे चाकांनी पाडलेली वाट. ती एकदा खोल पडली की मागून येणाऱ्या गाडीला सोडणे जड जाते. ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात स्वतःची स्पोर्ट्‌स कार जोडणाऱ्या हौशी मंडळींचा इतिहास पाहताना हा शब्द वारंवार आठवतो. कारखान्याची ठरीव मोटार नको, म्हणून ही माणसे हत्यारे घेऊन बसली. पण त्यांच्या गाडीच्या मागच्या आसाची रुंदी मात्र दुसऱ्यांच्याच कारखान्यांनी ठरवली.

याची सुरुवात करातून झाली. ब्रिटनने 1940 साली खरेदी कर लागू केला. तयार मोटारीवर तो भरावा लागे, सुट्या भागांच्या संचावर नाही. कॉलिन चॅपमन यांनी 1957 मध्ये आणलेली ‘लोटस सेव्हन’ ही हलकी, उघडी, दोन माणसांची गाडी अशा संचाच्या रूपात बरीच स्वस्त पडे. 1973 मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. गाडी जोडण्याची हौस मात्र टिकली.

नळ्या जोडून सांगाडा करता येतो, पत्रा वाकवता येतो. डिफरन्शियलसह मागचा आस घडवणे मात्र छोट्या कारखान्याच्या आवाक्याबाहेरचे काम. म्हणून पहिल्या सेव्हनने नॅश मेट्रोपॉलिटनचा आस घेतला. 1960 च्या दुसऱ्या आवृत्तीत स्टँडर्ड कंपनीच्या गाडीचा आस आला. तो जागेवर धरणारी इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची चौकट डिफरन्शियलच्या कवचाला खालून जोडली होती. घरगुती मोटारीसाठी केलेल्या त्या कवचावर भलताच ताण येई आणि तेल गळे. 1968 च्या तिसऱ्या आवृत्तीने फोर्डचा आस घेतला.

असा अखंड आस साधा आणि दणकट असतो. दोन्ही चाके एकमेकांना समांतर राहतात. पण स्प्रिंगांच्या खाली लोंबणारे त्याचे वजन हलक्या गाडीला खड्ड्यात उडवते. शिवाय त्याची रुंदी ठरलेली. जास्त असली तर चाके मडगार्डबाहेर येतात. कमी करायची तर कवच कापून आतले दांडेही आखूड करावे लागतात. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल सांगाड्याला बांधलेले असते आणि प्रत्येक चाक आपापले हलते. मात्र तिथे जोडणीच्या जागा वाढतात आणि वेल्डिंग जरा चुकले तरी चाकाचा कोन बिघडतो.

निवड अशी अभियांत्रिकीची दिसते. प्रत्यक्षात ती भंगारवाड्यात होत असे. 1980 मध्ये फोर्डने एस्कॉर्ट पुढच्या चाकांवर चालणारी केली आणि नव्या एस्कॉर्टमधून मागचा चालता आस नाहीसा झाला. सेव्हनचे हक्क 1973 मध्ये घेतलेल्या केटरहॅमने पुढे मॉरिस इटालचा आस वापरला आणि मग द दिओन पद्धत स्वीकारली. 1996 मध्ये रॉन चॅम्पियन यांनी 250 पौंडांत स्पोर्ट्‌स कार बांधायला शिकवणारे पुस्तक लिहिले, तेही जुन्या एस्कॉर्टचाच आस धरून. तेव्हा ती गाडी बंद होऊन 16 वर्षे झाली होती. पुस्तक वाचून कामाला लागलेल्यांनी उरलेसुरले आसही शोधून नेले. 2007 मध्ये ख्रिस गिब्ज यांनी त्याच परंपरेतले नवे पुस्तक लिहिले, ते फोर्ड सिएराचे स्वतंत्र सस्पेन्शन धरून. सिएरा जास्त रुंद, म्हणून सांगाडाही रुंद झाला.

यंत्रांचा इतिहास आपण शोधकांच्या नावाने लिहितो. इथे मात्र गाडीचा आकार बदलला तो टाकून दिलेल्या मालाबरोबर. म्हणून हौशी माणसाच्या स्वातंत्र्याचे मोल कमी होत नाही. मिळालेला आस मोजायचा, त्याच्याभोवती सांगाडा आखायचा आणि आपल्या वाटेने गाडी न्यायची, हेच त्याचे स्वातंत्र्य होते. आज विजेच्या गाड्यांत मोटार आणि डिफरन्शियल एकाच पेटीत येतात. उद्याच्या भंगारात त्या पेट्या असतील आणि कोणीतरी टेप घेऊन त्यांची रुंदी मोजत असेल.