सामायिक ई-ग्रंथसंग्रह

ब्रिटनमध्ये वयाच्या सोळाव्या वर्षानंतर, पदवीपूर्व पातळीवर मिळणाऱ्या शिक्षणास ‘फर्दर एज्युकेशन’ म्हणतात. नळकाम, केशरचना, बालसंगोपन अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचा त्यात मोठा वाटा असतो. यांतील अनेक विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकतात. ग्रंथालयाच्या वेळेत तेथे पोहोचणे त्यांना अवघड जाते. लहान महाविद्यालयांची ग्रंथखरेदीची तरतूदही बेताचीच असते.

यावर उपाय म्हणून ‘जिस्क कलेक्शन्स’ने २००९ मध्ये ‘ईब्ररी’ कंपनीकडून सुमारे ३,००० ई-पुस्तकांचा संग्रह परवान्यावर घेतला आणि २०१४ पर्यंत तो देशभरातील अशा महाविद्यालयांना विनामूल्य उपलब्ध करून दिला. स्वतंत्र वाटाघाटी करण्याची ताकद नसलेल्या महाविद्यालयांना एकत्रित खरेदीचा लाभ मिळाला. एकच पुस्तक अनेकांना एकाच वेळी, घरूनही वाचता येऊ लागले.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. छापील प्रतींचा खप घटेल या भीतीने प्रकाशक मागणी असलेली क्रमिक पुस्तके अशा संग्रहांत देण्यास सहसा नाखूष असतात. शिवाय परवाना म्हणजे मालकी नव्हे. छापील पुस्तक विकत घेतल्यावर कपाटात राहते. परवान्याची मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर ई-पुस्तक विद्यार्थ्याच्या हातून जाते. त्यामुळे संग्रह किती मोठा, याइतकाच त्याचा खर्च पुढे कोण उचलणार, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.