मुलकोवालची बाटली

वैद्यकीय जंतुशास्त्राच्या विद्यार्थ्यास आरंभींच एक कसोटी शिकवितात. रोग्याच्या अंगांत एखादा जंतु सांपडला, एवढ्यानें तोच रोगाचें कारण ठरत नाहीं. त्याचें शुद्ध संवर्धन करावें, तें प्राण्यास टोंचून तोच रोग होतो कीं नाहीं हें पाहावें, आणि त्या प्राण्याच्या शरीरांतून तोच जंतु पुन्हां मिळवावा. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या नांवानें ही कसोटी प्रसिद्ध आहे. ती वाचावयास सोपी वाटते. परंतु जंतु ओळखल्यावरही किती काम शिल्लक राहतें, हें आपल्या मुंबईच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

१८९४ सालीं हाँगकाँग येथें प्लेगची सांथ चालू असतां जपानचे किटासाटो व पॅरिसच्या पाश्चर संस्थेचे येर्सिन या दोघांनींही स्वतंत्रपणें प्लेगचा जंतु पाहिला. दहा वर्षांपूर्वींच डेन्मार्कचे ग्राम यांनीं जंतूंस रंग देण्याची एक रीत शोधून काढली होती. कांहीं जंतु तो रंग धरून ठेवितात, कांहीं सोडून देतात. आपला जंतु तो रंग धरीत नाहीं, असें येर्सिन यांनीं बरोबर सांगितलें. किटासाटो यांचें वर्णन मात्र एकसारखें राहिलें नाहीं. त्यांच्या संवर्धनांत दुसरे जंतु मिसळले असावेत. आज त्या जंतूस येर्सिन यांचेंच नांव आहे.

दोनच वर्षांनीं, सप्टेंबर १८९६ मध्यें, मुंबईच्या मांडवी भागांत मूळचे गोव्याचे डॉ. अकासियु व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. ऑक्टोबरांत वाल्देमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजांत येऊन लहानशा जागेंत लसीच्या खटपटीस लागले. त्यांनीं जंतूंच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेविले. त्या थेंबांना आधार करून प्लेगचे जंतु खालीं लोंबूं लागत. गुहेच्या छतास चुनखडीचे सुळे लोंबावे तसे. हें लोंबणें हीच त्या जंतूची एक खूण ठरली. आपल्या स्वयंपाकघरांतील तूप असें जंतुशास्त्राच्या कामीं आलें! १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ती लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनांत गेली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस उजाडला. पंजाबांतील मुलकोवाल गांवीं—तें आज पाकिस्तानांत आहे—त्या दिवशीं १०७ जणांस लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं ज्या १९ जणांस ५३-एन या एकाच बाटलींतील लस मिळाली, त्या सर्वांस धनुर्वात होऊन ते दगावले. बाकीच्यांस कांहींही झालें नाहीं. त्या बाटलींत धनुर्वाताचा जंतु शिरला होता, याविषयीं वाद नव्हता. प्रश्न एवढाच कीं, तो शिरला कोठें? मुंबईस, कीं मुलकोवालास?

हाफकिन यांनीं नव्या रीतींत कार्बोलिक अॅसिड वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेविली होती. चौकशी समितीनें याच गोष्टीवर बोट ठेवून दोष प्रयोगशाळेच्या माथीं मारला, आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावें लागलें.

परंतु पुराव्यांत दोन गोष्टी होत्या. बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करतां त्यानेंच बूच काढलें गेलें. धनुर्वाताच्या जंतूचें घर तर मातीच. दुसरी गोष्ट वासाची. हा जंतु हवेवांचून वाढतो आणि वाढतांना दुर्गंधी सोडतो. मुंबईहून निघतांनाच तो बाटलींत असता, तर मधल्या कित्येक दिवसांत तो भरपूर वाढला असता. पण उघडतांना बाटलीस वास नव्हता. योगायोग असा कीं, हवेवांचून या जंतूचें शुद्ध संवर्धन १८८९ सालीं प्रथम केलें, तें त्याच किटासाटो यांनीं.

१९०७ सालीं रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनीं हीच बाजू लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांतून मांडली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. १९२५ सालीं परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें. पांच वर्षें गेलीं तीं मात्र परत मिळालीं नाहींत. आणि मुलकोवालच्या १९ घरांचें दुःख तर कोणत्याच निकालानें हलकें होण्यासारखें नव्हतें.

आज प्रयोगशाळेंतील विद्यार्थी नळीचें तोंड प्रत्येक वेळीं ज्योतीवरून फिरवितो. त्यास तो नित्याचा कंटाळवाणा विधि वाटत असेल. शिक्षकांनीं त्यास एकदां ५३-एन या बाटलीची हकीकत अवश्य सांगावी.