‘विक्रांत’ जहाजाच्या पोलादाचा वृत्तांत

केशोरी हें गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील, रानानें वेढलेलें गांव. समुद्र येथून कोणत्याहि दिशेस शेंकडों मैल दूर. अशा ठिकाणीं एका लढाऊ जहाजाची गोष्ट निघावी हें वाचकांस विलक्षण वाटेल. पण तसें घडलें खरें. बाजाराच्या दिवशीं मिरचीचीं पोतीं लादलेली एक दुचाकी उभी होती, व तिचा धनी चारचौघांस सांगत होता कीं, या गाडींत ‘विक्रांत’ जहाजाचें लोखंड आहे. विधान ऐकून प्रथम हंसूं आलें. तथापि तपास करतां तें निराधार नाहीं असें दिसून आलें. त्या तपासाचें टांचण येथें देतों.

‘विक्रांत’चा जन्म आपल्या किनाऱ्यावरचा नव्हे. इंग्लंडांत टाईन नदीकांठीं व्हिकर्स-आर्मस्ट्राँग यांच्या गोदींत १४ ऑक्टोबर १९४३ रोजीं ‘हर्क्युलिस’ या नांवानें त्याची बांधणी सुरू झाली आणि २२ सप्टेंबर १९४५ रोजीं तें पाण्यांत सोडलें गेलें. महायुद्ध संपल्यामुळें पुढील काम अर्धवट राहिलें. १९५७ सालीं भारत सरकारनें तें विकत घेतलें, बेलफास्ट येथें पुरें करविलें, व ४ मार्च १९६१ रोजीं तें ‘विक्रांत’ या नांवानें आरमारांत दाखल झालें. १९७१ च्या युद्धांत त्याच्या विमानांनीं कॉक्सबाजार व चितगांव येथें केलेले हल्ले सर्वश्रुत आहेत. ३१ जानेवारी १९९७ रोजीं तें सेवेंतून निघालें. त्यानंतर मुंबईंत संग्रहालय म्हणून कांहीं वर्षें राहिलें. २०१२ सालीं तेंहि बंद झालें. जतनासाठीं न्यायालयांत खटपट झाली, ती व्यर्थ गेली. सुमारें ६० कोटी रुपयांस विकलेलें हें जहाज २२ नोव्हेंबर २०१४ पासून मुंबईच्या दारूखान्यांत मोडावयास घेतलें.

दारूखाना म्हणजे माझगांवालगतचा जुना बंदरभाग. येथें ‘दारू’ ती बंदुकीची, हें मराठी दप्तरें चाळणाऱ्यांस सांगावयास नको. भरतीच्या जोरावर जहाज किनाऱ्याच्या चिखलांत चढवावयाचें, आणि वायूच्या ज्योतीनें त्याचे तुकडे पाडावयाचे, अशी येथील रीत. चांगला जाड पत्रा निघाला तर तो वितळविण्याचीहि गरज नसते. पट्ट्या कापून, तापवून, लाटयंत्रांत घातल्या कीं घरबांधणीच्या सळ्या तयार होतात. उरलेला भंगार भट्टींत जातो. खनिजापासून नवें पोलाद करण्याऐवजीं जुनें वितळविलें तर दर टनामागें सुमारें १,४०० किलो खनिज, ७४० किलो कोळसा व १२० किलो चुनखडी वांचते, असा हिशेब पोलादधंद्याची जागतिक संघटना देते. आमच्या खेड्यांतील लोहारास हा हिशेब नवा नाहीं. गाडीच्या चाकाची झिजलेली धांव तो टाकीत नाहीं. तिचे विळे होतात, विळा झिजला कीं त्याचें खुरपें होतें.

मात्र या काटकसरीची किंमत कोणी तरी देतोच. जुन्या जहाजांतील ॲस्बेस्टॉस, शिशाचा रंग व टाक्यांतील तेल यांचा उपद्रव कापणाऱ्या मजुरांस होतो. त्यांतले पुष्कळ परप्रांतांतून पोटासाठीं आलेले. याकरितां हाँगकाँग येथें १५ मे २००९ रोजीं एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानें २०१९ सालीं तो स्वीकारून स्वतंत्र कायदा केला. करार अंमलांत येण्यास २६ जून २०२५ उजाडला. मोडण्यापूर्वीं जहाजावरील घातक द्रव्यांची लेखी यादी असलीच पाहिजे, असें त्यांत कलम आहे.

आतां दुचाकीकडे वळूं. ‘विक्रांत’चें कांहीं पोलाद बजाज ऑटो कंपनीनें विकत घेतलें, व २०१६ च्या फेब्रुवारींत ‘व्ही’ नांवाची दुचाकी बाजारांत आणतांना तें तिच्यांत वापरल्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं २५ जानेवारीस मुंबईंत गोदीच्या लायन गेटजवळ अर्झान खंबाटा यांनीं याच जहाजाच्या धातूंतून घडविलेलें स्मारक उघडण्यांत आलें. म्हणजे केशोरीच्या त्या गृहस्थाचें म्हणणें कंपनीच्या वचनावर उभें आहे. गाडीचा पत्रा मात्र साक्ष देत नाहीं.

संशोधकाची अडचण येथेंच आहे. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर ज्या पोर्तुगीज घंटा आपल्या देवळांत आल्या, त्यांना कोणीं वितळविलें नाहीं. नाशिकास नारोशंकराच्या देवळीं व भीमाशंकरीं त्या आजहि पाहावयास मिळतात. त्यांतील कांहींवर क्रूस व इसवी सनाचे आंकडे आहेत. घंटेचें मूळ घंटाच सांगते. वितळलेलें पोलाद मुकें होतें. एक अपवाद म्हणून सांगतों: १६ जुलै १९४५ च्या पहिल्या अणुस्फोटापूर्वीं ओतलेलें पोलाद किरणोत्सर्गी मळापासून मुक्त असल्यामुळें सूक्ष्म मापनयंत्रांसाठीं त्यास मागणी असे, व स्कॅपा फ्लो येथें १९१९ त बुडालेल्या जर्मन जहाजांतून तें काढलें जाई. ‘हर्क्युलिस’च्या कलेवराचा बराच भाग त्या तारखेपूर्वींचा असला पाहिजे. परंतु भट्टींत इतर भंगाराशीं मिसळतांच हीहि खूण पुसली जाते.

यास्तव पोलाद कोठें गेलें याचा पुरावा कागदांतच शोधावा लागेल: लिलांवाच्या अटी, वजनकांट्याच्या चिठ्ठ्या, मालमोटारींच्या पावत्या, लाटकारखान्यांच्या आवकवह्या. पेशवाईंतील तोफखान्याचे हिशेब आपण ज्या आस्थेनें मिळवितों, त्या आस्थेनें हे कागद कोणी जपलेले आमच्या पाहण्यांत नाहींत; धंद्यांतील लोक ते वर्षा-दोन वर्षांत रद्दींत घालतात. दारूखान्यांत मोडलेल्या कोणत्याहि जहाजासंबंधीं असे कागद कोणाच्या संग्रहीं किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याकडे असल्यास, त्यांची नक्कल मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद धन्याकडेच राहील.