आडवी सायकल की उभी?

पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल असते, हे वाकोल्यात आमच्या गटात कुणाला खरंच वाटेना. पण १९३३ मध्ये पॅरिसला फ्रान्सिस फोरने अशाच सायकलवर तासात ४५ किलोमीटर कापून उभ्या सायकलचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी जागतिक संघटनेने तिला शर्यतीतून बाद केलं. आम्हाला तरी हा अन्यायच वाटतो. कंबरेला, मनगटाला तिच्यावर केवढा आराम!

मात्र रानातल्या पायवाटेवर आम्ही उभीच घेऊ. खड्डा आला की पेडलवर उभं राहून अंग सावरता येतं, चढाला उतरून ढकलता येते. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर फिरली, ती उभ्या सायकलवरच. शिवाय आडवीचे सुटे भाग गावच्या दुकानात कुठले मिळायला?