स्कूबी-डूचं भूत दरवेळी माणूसच का निघायचं?

आजच्या भागात युद्ध नाही, किल्ला नाही, राजाही नाही. आज एक घाबरट कुत्रा आहे.

'सॅटर्डे मॉर्निंग कार्टून' हा प्रकार अमेरिकेचा. आपल्याकडे शनिवार सकाळ म्हणजे सकाळची शाळा आणि मैदानावर कवायत. त्यामुळे माझ्या पिढीनं अमेरिकेचं शनिवार सकाळचं कार्टून बघितलं ते शनिवारी दुपारी, दप्तर फेकून, वरणभाताचं ताट मांडीवर घेऊन, आणि तेही हिंदीत. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ मध्ये आलं. आम्ही त्याच्यासमोर बसायला लागलो तेव्हा स्कूबी-डू तिशी ओलांडून गेला होता, पण हे आम्हाला कुठे माहीत!

गेल्या महिन्यात मी मूळ मालिकेचे सगळे २५ भाग पुन्हा बघितले. ऑफिसातून आलं की रोज एक. लहानपणी प्रश्न असायचा, भूत पकडणार का? आता वेगळाच प्रश्न पडला. हे भूत दरवेळी मुखवटा घातलेला माणूसच का निघतं? उत्तर शोधत गेलो आणि थेट १९६८ सालात पोचलो.

तेव्हा अमेरिकेत शनिवारची सकाळ म्हणजे लहान मुलांचा बाजार होता. मोठी माणसं झोपलेली, मुलं टीव्हीसमोर, आणि मध्ये सीरियल नि खेळण्यांच्या जाहिराती. सीबीएस वाहिनीवर हा वेळ फ्रेड सिल्व्हरमन सांभाळायचा. पंचविशीतच दिवसभराच्या कार्यक्रमांचा प्रमुख झालेला माणूस. (आपण पंचविशीत काय करत होतो? नको, सोडा.) त्यानं शनिवार सुपरहिरोंनी भरून टाकला. 'स्पेस घोस्ट', 'हरक्युलॉइड्स', सगळी नुसती मारामारी.

मग १९६८ उजाडलं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची. व्हिएतनामचं युद्ध तर रोज बातम्यांत दिसत होतं. आपली मुलं टीव्हीवर काय बघतात, हा प्रश्न घराघरांत आला. त्याच वर्षी बॉस्टनजवळ पेगी शॅरन आणि इतर काही आयांनी मिळून 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना काढली. वाहिन्या हबकल्या आणि मारामारीची कार्टून्स एकामागून एक बाद होत गेली.

आता सिल्व्हरमनला असं काहीतरी हवं होतं, ज्यात थरार आहे पण कुणी कुणाला मारत नाही. हॅना-बार्बेरा स्टुडिओतले लेखक ज्यो रूबी आणि केन स्पिअर्स कामाला लागले. पहिला आराखडा सीबीएसच्या वरिष्ठांनी फेटाळला. कारण? चित्रं फार भीतीदायक आहेत! मग कोपऱ्यातला कुत्रा मध्यभागी आणला, विनोद वाढवला. सिल्व्हरमन सांगायचा की कुत्र्याचं नाव त्याला विमानात फ्रँक सिनात्राचं 'स्ट्रेंजर्स इन द नाइट' ऐकताना सुचलं, शेवटच्या गुणगुणण्यातून. कुत्रा रेखाटला इवाओ ताकामोतो यांनी. आधी ग्रेट डेन जातीचा उत्तम कुत्रा कसा असतो ते एका जाणकाराकडून नीट समजून घेतलं, आणि मग सगळं उलटं काढलं. फेंगडे पाय, दुहेरी हनुवटी. १३ सप्टेंबर १९६९ ला पहिला भाग लागला.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा म्हणजे 'टॉम अँड जेरी'वाले, सात ऑस्करवाले. १९५७ मध्ये एमजीएमनं त्यांचा विभागच बंद केला, आणि ते टीव्हीच्या तुटपुंज्या बजेटवर आले. मग काय, जुगाड! योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय का? तर धड तसंच ठेवून फक्त डोकं पुन्हा काढता यावं म्हणून. स्कूबी पळताना मागे तेच झाड, तीच खिडकी पुन्हापुन्हा सरकते. लहानपणी कधी खटकलं नाही. आता बघताना वाटलं, अरे, हा तर लूप आहे! आणि तो कृत्रिम हशा मात्र आज अगदी सहन होत नाही, हे सांगून टाकतो.

पण खरी मजा खलनायकांत आहे. मुखवटे काढून एकेकाचा हेतू बघा. पहिल्या भागातला काळा सरदार म्हणजे संग्रहालयाचाच माणूस. खरी चित्रं पळवून नकली टांगणारा. चौथ्या भागात खाणीत भूत हिंडतं. ते निघतं तिथलाच कामगार. खाणीत तेल आहे हे त्याला कळलेलं असतं, आणि मालकाला पळवून जागा स्वस्तात घ्यायची असते. म्हणजे भूत दिसलं की आधी सातबारा बघायचा! आपल्याकडे 'त्या वाड्यात काहीतरी आहे' असं कुजबुजत भाव पाडलेले वाडे कमी आहेत का?

कार्ल सेगन यांनी 'द डेमन-हाँटेड वर्ल्ड' या १९९५ च्या पुस्तकात या कार्टूनचं नाव घेऊन कौतुक केलंय. मोठ्यांसाठीही असं काही हवं, असं त्यांचं म्हणणं. पण गंमत बघा, हा विवेकवाद कुणी ठरवून आणलेला नव्हता. मुलं घाबरू नयेत म्हणून भूत खोटं ठेवलं, एवढंच. ठरवून हेच काम करणारी माणसं आपल्याकडे होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटत होते, तो विधिमंडळात मंजूर झाला त्याच वर्षीच्या डिसेंबरात. कार्टूनमध्ये मुखवटा ओढला की पोलीस खलनायकाला घेऊन जातात. तो सीन आता मला पूर्वीसारखा हसत बघता येत नाही.

स्कूबीचंही पुढे बदललंच. १९९८ च्या 'झोम्बी आयलंड' या चित्रपटात झोम्बी खरेच निघाले. मुलं मोठी झाली होती, खोट्या भुतात दम उरला नव्हता म्हणे. मला नाही पटलं. आणि खुद्द शनिवारची सकाळ? केबलवर दिवसभर कार्टून मिळू लागली, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये सीडब्ल्यू वाहिनीनं आपला शनिवारचा कार्टूनचा वेळ बंद केला. अमेरिकेच्या मोठ्या प्रसारण वाहिन्यांवरचा तो शेवटचा.

बघायचंच असेल तर चौथ्या भागापासून सुरू करा, तोच तेलाच्या खाणीचा. हिंदी डबिंग सापडलं तर लिंक मला नक्की पाठवा.